तेरचं म्युझियम लेकरांना कसं दाखवायचं, आणि समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा माल कसा आला

ताई, तुम्ही विचारलंत की दिवाळीत कोकणातल्या एका बंदराच्या गावातलं छोटं म्युझियम बघितलं, लेकरं वीस मिनिटात कंटाळली, सगळीकडं फुटकी भांडी आणि काळी पडलेली नाणी, आणि आता लातूरहून धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जायचा बेत आहे तर तिथंही तसंच होणार का. आणि दुसरं म्हणजे कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की तेर हे जुनं बंदर होतं, तर समुद्र एवढा लांब असताना बंदर कसलं. या दोन्हीचं उत्तर एकमेकात गुंतलेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं संग्रहालयातल्या वस्तूंची नोंदणी आणि मांडणी हेच काम केलंय, शाळा-कॉलेजच्या सहलींना तेर-पैठण फिरवलंय, त्यामुळं लेकरं कुठं कंटाळतात आणि कुठं काचेला नाक लावून उभी राहतात हे जवळून बघितलेलं आहे.

आधी बंदराचं बघू. तेर बंदर नव्हतं. तेरणेच्या काठचं गाव, तेरणा पुढं मांजऱ्याला मिळते आणि मांजरा गोदावरीला, त्यात जहाज येण्याचा प्रश्नच नाही. पण बंदरावर जो माल चढायचा तो जिथं गोळा व्हायचा अशी ती घाटावरची मोठी पेठ होती, आणि हे कुणी गावाच्या अभिमानापोटी सांगितलेलं नाही, ते एका परक्या खलाशी-व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं एक पुस्तक आहे, लिहिणाऱ्याचं नाव राहिलेलं नाही, पण इजिप्तहून निघून तांबड्या समुद्रातनं आपल्या किनाऱ्यापर्यंत कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, कुठं धोका आहे याची ती व्यापाऱ्याच्या कामाची माहिती आहे. त्यात बरिगाझा म्हणजे आजचं भरूच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर असं लिहिलंय. पैठणहून गोमेद-अकीकासारखे दगड भरपूर येतात, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते, आणि हा सगळा माल गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भरूचला उतरतो, असं त्यात स्पष्ट आहे. हे तगर म्हणजे आपलं तेर. आधी कुणी ते देवगिरीला धरायचं, कुणी जुन्नरला, शेवटी १९०१ च्या सुमारास फ्लीट नावाच्या अभ्यासकानं ते तेरच आहे हे मांडलं आणि तेव्हापासून ते मान्य आहे.

आता लेकरांबरोबर गाडीत बसल्या बसल्या एक हिशोब करा. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर, आणि पुस्तकात दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा किलोमीटर. ज्यांच्या आजोबांनी भरली बैलगाडी मोंढ्याला नेलीय त्यांना हा आकडा लगेच पटेल. म्हणजे लिहिणारा स्वतः इथपर्यंत आला नसेलही, पण ज्या गाडीवानांकडनं त्याला कळलं ते खरं सांगत होते. अजून एक जुळणी बघा, जहाजं इजिप्तहून जुलैत निघायची, नैऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर इकडं पोचायची आणि डिसेंबरच्या सुमारास उलट्या वाऱ्यावर परत फिरायची. आणि आपल्याकडं पावसाळ्यात काळ्या रानातून भरली गाडी निघत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, रान वाळायला दसरा उजाडतो. दसऱ्याला तेरहून निघालेली गाडी तीस दिवसात, कार्तिकात, भरूचच्या धक्क्यावर, जहाजं परत फिरायच्या आधी बरोबर. हा माझा हिशोब आहे, पुस्तकात असा महिना दिलेला नाही, पण लेकरांना नकाशासमोर बसवून हे सांगितलं की डोळे चमकतात हे मात्र खात्रीनं सांगतो.

तुम्ही म्हणाल कल्याण-चौलचं बंदर जवळ पडत होतं की, मग एवढ्या लांब भरूचला का. हाच प्रश्न एका नववीतल्या मुलीनं मला विचारला होता आणि फार चांगला प्रश्न आहे. त्याच पुस्तकात लिहिलंय की कल्याण पूर्वी रीतसर बंदर होतं पण आता तिथं अडवणूक चालते, ग्रीक जहाज चुकून तिथं लागलं तर पहारा देऊन भरूचला नेतात. त्या काळात किनारा कुणाचा यावरून सातवाहन आणि क्षत्रप या दोन राजघराण्यांची मोठी झुंज चालू होती, भरूचकडं क्षत्रप नहपानाची सत्ता होती, आणि पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवून त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारला, नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली अशा हजारो नाण्यांचा साठा सापडला. म्हणजे तेरच्या विणकराचं कापड कुठल्या वाटेनं जाणार हे राजकारणावर ठरत होतं, कांद्याच्या निर्यातबंदीसारखंच.

हे सगळं डोक्यात घेऊन म्युझियममध्ये शिरलात तर कंटाळा यायचं कारणच उरत नाही. कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय असं त्याचं पूर्ण नाव. लामतुरे तेरचेच. आपल्या गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर, पावसानं माती धुऊन गेली की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडायच्या, त्या त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, जपल्या, आणि तो संग्रह पुढं सरकारकडं आला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. त्या काळात खेड्यात राहून फुटक्या खापराला किंमत आहे हे ओळखणं आणि ते विकून न टाकता गावातच ठेवणं, हे किती अवघड असेल याचा विचार करा. आज ती वस्तू मुंबईत किंवा परदेशात कुणाच्या तरी दिवाणखान्यात असती तर तुमच्या लेकरांना ती तेरच्या मातीत उभं राहून बघता आली नसती.

बघायची पद्धत सांगतो. सगळ्या काचा क्रमानं बघू नका, पाट्या वाचत वाचत तर अजिबात जाऊ नका, त्यानंच लेकरं दमतात. पहिल्यांदा एक भरभर फेरी मारा, काही न वाचता, लेकरांना सांगा नुसतं बघा आणि ज्याच्यासमोर पाय थांबतील ते लक्षात ठेवा. मग दुसऱ्या फेरीला फक्त पाच-सहा वस्तूंसमोर निवांत थांबा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा, ही वस्तू ज्याची बनलीय ते इथलं आहे का? वय, राजा, शतक हे सगळं नंतर. आधी माल कशाचा आणि तो कुठनं आला. छोट्या म्युझियममध्ये हा एक प्रश्न जेवढं काम करतो तेवढं मोठमोठ्या माहितीपट्ट्या करत नाहीत, असं माझं मत आहे.

शंखाच्या बांगड्यांचे तुकडे दिसतील तिथनं सुरुवात करा. लोक बांगडीचे तुकडे म्हणून बघतात आणि पुढं जातात. जरा वाकून बघा, पांढऱ्या तुकड्यावर बारीक वाढीच्या रेषा दिसतात, कारण ती बांगडी साच्यात ओतलेली नाही, अख्ख्या शंखाला आडवं कापून त्याचं एकेक कडं काढलेलं आहे. असा जाड शंख मिळतो कच्छच्या आखातात आणि तिकडं तमिळनाडू-श्रीलंकेच्या मधल्या समुद्रात. तेरच्या बाईच्या हातात समुद्र होता तो असा. आणि पेरिप्लसमध्ये तर किनाऱ्याच्या भागातला माल तगरला येतो असंही म्हटलंय, म्हणजे वाट दोन्हीकडनं चालू होती, गाड्या रिकाम्या परत येत नव्हत्या.

मग मणी. तांबडे, अर्धपारदर्शक कार्नेलियनचे, म्हणजे लाल अकीकाचे मणी बघा. हा दगड मात्र आपलाच म्हणायचा, आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये अकीक तयार होतो, पाऊस-नदी तो सुटा करून गोट्यांबरोबर आणून टाकते, गोदावरीच्या पात्रात आजही सापडतो. पण तो मुळात एवढा तांबडा नसतो, त्याला भट्टीत हळूहळू तापवला की आतल्या लोहामुळं तो लाल होतो. आणि भोक बघा. मणी उजेडाच्या बाजूला असेल आणि तुम्ही बरोबर कोनातून बघितलं तर आत भोकाची नळी दिसते, ती एका सरळ रेषेत नसते, मधोमध किंचित हुकलेली असते, कारण कारागिरानं एका टोकाकडनं अर्धं भोक पाडलं, मग मणी उलटवून दुसरीकडनं, आणि दोन्ही मधे येऊन भेटली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात कुठं किती हलला ते तुम्हाला दिसतंय. मी हे कितीदा दाखवलं तरी मला अजून तेवढंच भारी वाटतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघता येतं, फ्लॅश मात्र बंद ठेवा, आणि फोटोला परवानगी आहे का ते आधी काउंटरला विचारा.

आता मातीची छोटी पदकं शोधा, ही चटकन सापडत नाहीत कारण दिसायला मातीच्या बटणासारखी असतात, वर ओवायला जागा किंवा भोक. त्यांच्यावर रोमन नाण्याची नक्कल असते, बहुतेक टायबेरियस नावाच्या बादशहाच्या नाण्याची, हा इ.स. १४ ते ३७ मध्ये रोममध्ये राज्य करत होता आणि त्याची नाणी भारतात पुष्कळ सापडलीत. म्हणजे खरं सोन्या-चांदीचं नाणं ज्याला परवडत नव्हतं त्यानं मातीत छाप घेऊन गळ्यात घातलं. मला वस्तूंमधली ही सगळ्यात जवळची वाटते. राजांचा व्यापार, बंदरं, जहाजं हे मोठ्या लोकांचं, पण ही माळ घालणारी बाई किंवा पोर साधीच असणार, तिला रोम कुठंय हे माहीत असायचं कारण नाही, तिला फक्त ती चेहऱ्याची टिकली आवडली होती. आपल्याकडं गळ्यात पुतळ्यांची माळ घालतात त्या पुतळ्याही नाण्यासारख्याच असतात की, तुमच्या घरातल्या आजीकडं असली तर लेकरांना आधी ती दाखवून मग इकडं आणा.

पांढऱ्या मातीच्या म्हणजे केओलीनच्या बाहुल्या, मुखवटे, याही तेरची खासियत. केसांच्या रचना बघा, दागिने बघा, ते सगळे सांगतातच, पण मी म्हणेन कानाच्या मागची बाजू बघा. तिथं वरपासून खालपर्यंत एक बारीक सांध्याची रेघ असते, घासून पुसलेली, तरी कुठंतरी उरलेली. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात काढून दोन्ही जोडलेत आणि आत पोकळ ठेवलंय, नाहीतर भट्टीत तडकली असती. ही दुहेरी साच्याची रीत रोमन जगाच्या संपर्कातनं आली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. माल नुसता जात नव्हता, तिकडनं हात चालवायची पद्धतही येत होती.

आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तेरचं नाव जगात पोचलं ते हिच्यामुळं. इटलीत पाँपेई नावाचं शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथं १९३८ साली एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्री सापडली, साधारण वीतभर उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना लहान दासी, ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. तिच्याशी चेहऱ्यामोहऱ्यानं आणि दागिन्यांनी मिळतीजुळती मूर्ती तेरला सापडलीय, आणि तिसरी आपल्याच जालना जिल्ह्यात भोकरदनला, १९७३ च्या उत्खननात, तिचा खालचा भाग. त्यामुळं पाँपेईची ती बाई या आपल्या पट्ट्यातच घडली असावी असं काही अभ्यासकांनी मांडलंय, पक्कं कुणी सिद्ध केलेलं नाही, तिच्यावर खरोष्ठी या वायव्य भारतातल्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे त्यामुळं वायव्येकडचाही धागा आहे. पण एवढं नक्की की ती इ.स. ७९ च्या आधी इटलीत पोचलेली होती, त्याच्या पुढं तिला जायला वाटच नव्हती, शहरच गाडलं गेलं. तारखेसाठी याच्याहून घट्ट पुरावा क्वचित मिळतो. लेकरांना दोन्ही मूर्तींचे फोटो आधी घरी दाखवून न्या आणि तिथं फरक शोधायला लावा. अशा मौल्यवान वस्तू कधी कधी दुसऱ्या प्रदर्शनाला गेलेल्या असतात किंवा मूळ कुलपात आणि प्रतिकृती बाहेर असते, तर तिथल्या माणसाला नीट विचारा, ते सांगतात.

आता जे सांगणार आहे ते माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कुठल्याच काचेत नाही. पेरिप्लसमध्ये तगरचा माल म्हणून नाव कशाचं आहे? कापडाचं. दगड पैठणचे म्हटलेत, तेरची ओळख कापड. आणि म्युझियमभर फिरा, तेरचं त्या काळचं कापड तुम्हाला हातभरही दिसणार नाही. आपल्या हवेत, आपल्या ओल धरणाऱ्या मातीत सुती कापड दोन-चार वर्षात कुजतं, तिथं दोन हजार वर्षांची काय गोष्ट. म्हणजे ज्या मालानं हे गाव एवढं मोठं झालं तोच नाहीसा झालाय आणि उरलंय ते त्या पैशातनं आलेलं, बांगड्या, मणी, बाहुल्या, नाणी. हे समजलं की काचांकडं बघायची नजरच बदलते. लेकरांना विचारा, कापड नाही तर कापडाचा पुरावा कुठं शोधशील? मग त्यांना मातीच्या भोक पाडलेल्या गोल चकत्या दाखवा, टकळीच्या तळाला लावायच्या, सूत कातताना टकळी फिरती ठेवायला वजन लागतं ते. साध्या, ओबडधोबड, कुणी ढुंकून बघत नाही अशा. हस्तिदंती बाई जेवढी तेरची तेवढीच ही चकती तेरची, माझ्या मते कणभर जास्तच.

आणि ते कापड कुठं मिळतं ऐका. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे, तिथल्या कोरड्या वाळवंटी मातीत भारतातनं गेलेल्या सुती कापडाचे तुकडे उत्खननात मिळालेत, भारतातली मिरी मोठ्या रांजणात मिळालीय, सागवानी लाकूड मिळालंय. ते तुकडे तेरचेच असं म्हणता येत नाही, पण तेरची मलमल जिथं उतरायची तशी ती जागा. इथं कुजलं ते तिथं टिकलं. रोमच्या प्लिनी नावाच्या लेखकानं तर तक्रारच करून ठेवलीय की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांचं नाणं, ओढून घेतो. ज्या काळ्या रानात आपण आज कापूस वेचतो त्याच रानाबद्दल, इतक्या लांबचा माणूस तक्रार करतोय, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक लेकराला कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडं सतत दुष्काळाचंच बोललं जातं, ते खरंही आहे, पण हेही तितकंच खरं आहे.

म्युझियमबरोबरच त्रिविक्रमाचं देऊळ चुकवू नका. लोक समोरनं दर्शन घेऊन निघतात, तुम्ही पाठीमागं जा. समोरचा सपाट छताचा मंडप नंतरचा, मागचा भाग मात्र अर्धगोल, वरचं छत हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार, सगळं विटांचं. हे मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचं प्रार्थनागृह होतं आणि पुढं त्यात विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची स्थापना झाली असं कझेन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं. डोंगरात कोरलेली चैत्यगृहं तुम्ही वेरूळला, कार्ल्याला बघितली असतील, पण जमिनीवर विटांनी बांधलेलं आणि अजून उभं असलेलं चैत्यगृह देशात फार दुर्मिळ, दुसरं चटकन आठवतं ते आंध्रातलं चेजर्ल्याचं. साठच्या दशकातल्या उत्खननात तेरला विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेषही मिळालेत. व्यापारी जिथं तिथं भिक्खू आणि विहार, हे सातवाहन काळात सगळीकडं दिसतं, नाणेघाटातनं वर आलं की जुन्नरला लेण्यांची रांगच लागते ती त्याचमुळं.

विटांचं एक राहिलं. तेरच्या जुन्या देवळांची वीट पाण्यावर तरंगते हे तुम्ही ऐकलं असेल, ते खरं आहे. त्यात चमत्कार काही नाही, माती मळताना तिच्यात भाताचं तूस भरपूर घातलंय, भट्टीत ते जळून गेलं आणि वीट आतनं बारीक भोकाभोकांची झाली, म्हणून हलकी. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच, आणि त्याच्या कोरीव लाकडी चौकटीचं काम आवर्जून बघा, एवढं जुनं लाकूडकाम आपल्या हवेत टिकणं हे कापडाच्या गोष्टीनंतर किती मोठं आहे ते तुमच्या लक्षात येईल. देवळाची वीट उचकटून पाण्यात टाकून बघायचा मोह मात्र लेकरांना होऊ देऊ नका, बघायचीच असेल तर म्युझियममध्ये विचारा.

आणि संत गोरोबा काकांचं देऊळ तेरणेच्या काठी आहेच, तिथं तुम्ही जाणारच. एवढंच सांगतो, म्युझियममधली खापरं बघून मग तिथं जा. गोरोबांनी थापटणं घेऊन कुणाचं मडकं कच्चं ते संतांच्या डोक्यावर मारून बघितलं ही गोष्ट प्रत्येक लेकराला पाठ असते. ज्या गावात गोरोबांच्याही हजार-बाराशे वर्षं आधीपासून चाकावर माती चढत होती, त्याच गावचे ते कुंभार. सातवाहन काळातलं काळं-तांबडं भांडं, आतनं काळं बाहेरनं तांबडं, ते भट्टीत कसं भाजत असतील हे आजच्या एखाद्या कुंभाराला विचारलं तर तो तुम्हाला प्राध्यापकापेक्षा बरं समजावतो, हवा कुठं कोंडली की काळं होतं, कुठं मोकळी सोडली की लाल.

एक कळकळीची विनंती. टेकाडांवर फिरताना पायाखाली खापरं, कधी मणी दिसतात, उचलून खिशात घालू नका आणि कुणी विकायला आणलं तर घेऊ नका. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यामुळं कायद्यानंही ते अडचणीचं आहेच, पण खरं कारण वेगळं. मणी कुठल्या थरात, किती खोल, कशाशेजारी होता यावरनं त्याचं वय ठरतं. उचलला की तो नुसता मणी उरतो. लामतुरेंच्या संग्रहातल्या पुष्कळ वस्तूंचंही वय आपल्याला पुढच्या रीतसर उत्खननातल्या वस्तूंशी ताडून ठरवावं लागतं, कारण त्या पृष्ठभागावर सापडलेल्या. त्यांनी वाचवल्या म्हणून निदान त्या आहेत. पण टेकाडं मात्र कमी होत चाललीत, आपल्याकडं माळवदावर टाकायला, भिंतीला, शेतात टाकायला पांढरीची माती नेतात ही पिढ्यानपिढ्यांची रीत आहे, कुणाला दोष देऊन उपयोग नाही, गावातल्या लोकांना ती माती म्हणजे काय आहे हे सांगणं एवढाच उपाय आणि ते काम तुमच्यासारखी मंडळी लेकरं घेऊन येतात तेव्हाच होतं.

आता तुमच्या कोकणातल्या म्युझियमचं. ते वाईट नव्हतं, तिथं प्रश्न उलटा विचारायला पाहिजे होता. बंदराच्या गावात गेलं की विचारायचं, यातलं घाटावरनं काय आलं? कोकणातल्या शिलाहार राजांचे ताम्रपट असतील तर त्यांच्या बिरुदात तगरपुरवराधीश्वर असं लिहिलेलं असतं, म्हणजे तगर नगरीचे स्वामी. ठाण्याला, समुद्राच्या काठी राज्य करणारा राजा अभिमानानं तेरचं नाव लावतोय! समुद्रातल्या लढाईचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला आहेत, त्यातला काही भाग देवगिरीच्या यादवांनी शिलाहारांवर केलेल्या आरमारी स्वारीचा असावा असं मानतात, म्हणजे आपल्या देवगिरीचा राजा बोटी घेऊन लढतोय. पुढच्या वेळी कोकणात जाल तेव्हा हे डोक्यात ठेवून जा.

बाकी साधं. लातूरहून रेल्वेनं ढोकीला उतरून पुढं गाडी करता येते, नाहीतर सरळ गाडीनं या, धाराशिवहून तासाभराच्या आत पोचता. शासकीय संग्रहालयं सहसा सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असतात म्हणून आदल्या दिवशी चौकशी करूनच निघा. सकाळी लवकर पोचा, उन्हाच्या आधी त्रिविक्रम आणि टेकाडाची बाजू, ऊन चढलं की म्युझियम, मग नदीकाठी भाकरी सोडा आणि गोरोबा काका. उन्हाळ्यात येऊच नका, पावसाळा संपल्यावर या. तुळजापूर त्याच दिवशी करायचा घाट घालू नका, दोन्हीकडं नुसती पळापळ होते. छोट्या लेकीला एक कोरी वही द्या आणि तिला एकच वस्तू काढायला सांगा, जी आवडेल ती, अर्धा तास लागला तरी लागू द्या, मोठ्यांनी शेजारी गप्प बसायचं. मोठ्या मुलाला नकाशा द्या, कोरा, त्यावर तेर, पैठण, भरूच, कल्याण, बेरेनिके, पाँपेई एवढ्या जागा लावून प्रत्येक वस्तूसमोर रेघ ओढायला सांगा. आणि तो पैठणला जायचा हट्ट करायला लागला तर तिथंही बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं असंच संग्रहालय आहे, पद्धत हीच, फक्त तिथं कापडाऐवजी दगडाच्या मण्यांपासून सुरुवात करा.